24 चा दुखतो म्हणून 28 घेतला, आता आणखी दुखतंय: फ्लेंजचं माप कसं ठरवायचं?

सात आठवड्यांच्या बाळाच्या आईचा प्रश्न आहे. बाळाला अंगावर पाजताना तिला काहीच त्रास होत नाही, पण दूध काढायचा पंप लावला की दोन मिनिटांत डोळ्यांत पाणी येतं. पंपाच्या खोक्यात 24 मिमीचा फ्लेंज, म्हणजे छातीवर टेकवायचा नरसाळ्यासारखा भाग, आला होता. 'तुझी छाती भरलेली आहे, तुला मोठा लागेल' असं मैत्रिणीने सांगितलं, म्हणून तिने 28 चा आणला. आता स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही नळीत ओढला जातो, पंप काढला की तिथे सुजलेलं कडं दिसतं आणि वीस मिनिटांत उजवीकडून जेमतेम 30 मिली दूध निघतं. ती विचारते, आता 30 चा आणू की सवय होईपर्यंत सोसू?

दोन्ही करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून 28 तर सोडाच, 24 सुद्धा तुम्हाला मोठा पडत असावा असं मला वाटतं. आणि सोसण्याचा तर प्रश्नच येत नाही. पंप सुरू झाल्यावर ओढ जाणवते, पान्हा फुटताना काही जणींना छातीत चमक येते किंवा मुंग्या आल्यासारखं होतं, तेवढं चालतं. रडू यावं इतकं दुखणं हा दूध काढण्याचा भाग नाही. इतकी वर्षं आयांसोबत हे काम करताना मला सर्वांत जास्त वाईट कशाचं वाटत आलंय, तर 'असंच असतं' असं समजून महिनोन्महिने दात-ओठ खाऊन पंप लावणाऱ्या बायकांचं. त्यातल्या कितीतरी जणींचं दुखणं चार-पाच मिलिमीटरच्या फरकाचं होतं.

आधी आकड्याचा अर्थ समजून घ्या, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. फ्लेंजवर 24 किंवा 28 लिहिलेलं असतं ते बाहेरच्या पसरट तोंडाचं माप नव्हे. नरसाळ्याच्या मागे जी सरळ नळी असते, ज्यात स्तनाग्र आत-बाहेर होतं, त्या नळीचा हा आतला व्यास. म्हणजे फ्लेंजचं माप स्तनाग्राशी जुळवायचं असतं. छाती लहान की मोठी, ब्राचं माप काय, याच्याशी त्याचा संबंध नाही. भरलेल्या छातीची आई आणि 14 मिमीचं स्तनाग्र ही जोडी मी सर्रास पाहते, आणि याच्या उलटही पाहते. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगलाच होता, पण तिने बघितलं ते चुकीच्या जागी.

खोक्यात 24 येतो म्हणजे तो 'नेहमीचा' किंवा 'सरासरी' असं समजू नका. कंपनीला प्रत्येक खोक्यात एखाद-दोन मापं टाकायची असतात, ती ती टाकते. बऱ्याच पंपांबरोबर 24 आणि 27 किंवा 28 येतात. माझ्याकडे मोजून घेतलेल्या आयांपैकी पुष्कळ जणींचं स्तनाग्र 13 ते 18 मिमीच्या आसपास भरतं. त्यांच्यासाठी खोक्यातली दोन्ही मापं ढगळ.

आता ढगळ नळीत काय होतं ते पाहा. पंप हवा ओढतो आणि नळीत पोकळी तयार होते. ती पोकळी समोर जे काही मऊ असेल ते आत खेचते, स्तनाग्र कुठलं आणि कातडी कुठली हे तिला कळत नाही. नळी स्तनाग्राएवढीच असेल तर स्तनाग्रच आत जातं, थोडं लांबतं आणि मागे येतं. नळीत मोकळी जागा उरली तर ती भरायला भोवतालचा काळसर भाग आत शिरतो. त्याखालची ऊती सैल असते, तिच्यात पाणी साठतं, ती फुगते आणि नळीच्या कडेवर दाबली जाते. तुम्हाला दिसणारं सुजलेलं कडं म्हणजे हेच. तिथे सूज आली की त्याच भागातून जाणाऱ्या दुधाच्या नळ्या दबतात. मग दूध कमी येतं, म्हणून आपण ओढ वाढवतो, त्याने आणखी कातडी आत जाते आणि सूज वाढते. हे चक्र दोन दिवसांत कोणालाही पंपाचा धसका बसवायला पुरेसं आहे.

दुधाच्या या नळ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. 1840 साली अ‍ॅस्टली कूपर या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने मृत स्त्रियांच्या स्तनांमधल्या नळ्यांत मेण भरून त्यांची चित्रं काढली. त्या चित्रांवरून दीडशेहून अधिक वर्षं असं शिकवलं गेलं की स्तनाग्राच्या लगेच मागे दुधाच्या छोट्या पिशव्या असतात आणि त्या दाबल्या की दूध येतं. 2005 साली ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने दूध पाजणाऱ्या आयांच्या स्तनांची अल्ट्रासाउंड तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात त्या पिशव्या सापडल्या नाहीत. दिसल्या त्या सरासरी 9 मुख्य नळ्या, स्तनाग्राच्या मुळाशी साधारण 2 मिमी रुंद, कातडीच्या अगदी जवळून जाणाऱ्या आणि सहज दबणाऱ्या. 2 मिमी म्हणजे किती बारीक ते पट्टीवर एकदा बघाच. मग लक्षात येतं की ढगळ फ्लेंजने आणलेली सूज, किंवा हवा सुटू नये म्हणून फ्लेंज छातीत रुतवून धरणं, हे दोन्ही दुधाची वाट अडवायला पुरेसे आहेत. फ्लेंज फक्त टेकलेला हवा. पंप काढल्यावर छातीवर गोल वळ उमटत असेल तर तुम्ही तो जोरात दाबताय.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी शिकले तेव्हा नियम होता, स्तनाग्राच्या मापात 4 मिमी मिळवा आणि शंका आली तर वरचं माप द्या. मीही कित्येक वर्षं तेच सांगितलं. दुखतंय म्हटलं की मोठा फ्लेंज हातात द्यायचा. काही जणींना आराम पडायचा, बऱ्याच जणींना पडायचा नाही, आणि त्यांना मी ओढ कमी ठेवा, तेल लावा एवढंच सांगत राहिले. जुळी बाळं झालेल्या एका आईने मोजलेल्या मापाच्या जवळचा, म्हणजे मी सुचवलेल्यापेक्षा कितीतरी लहान फ्लेंज स्वतःच लावून पाहिला आणि त्याच आठवड्यात तिचं दुखणं थांबलं. त्यानंतर मी प्रत्येकीला लहान मापं लावून बघायला सांगू लागले. आज या कामातल्या बऱ्याच जणी त्याच मताच्या झाल्या आहेत: मोजलेलं माप किंवा त्याहून 1 ते 3 मिमी जास्त, सुरुवात तिथून करायची. जुना नियम सांगणारे तक्ते अजूनही फिरत असतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

मोजायचं कसं? वेळ महत्त्वाची. पाजल्यावर किंवा पंप केल्यावर स्तनाग्र फुगलेलं असतं, तेव्हा मोजलं तर दोन-तीन मिमी जास्त भरतात आणि पुन्हा ढगळ फ्लेंज घरी येतो. म्हणून पाजण्याआधी मोजा, मागच्या वेळेला निदान तासभर होऊन गेलेला असू द्या. बोटांनी हलकं चोळलं की स्तनाग्र उभं राहतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आरशासमोर आडवी धरून त्याची रुंदी बघा. फक्त स्तनाग्राची, काळसर वर्तुळ त्यात धरायचं नाही. काही जणींचं स्तनाग्र मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळतं असतं, काहींचं टोक बोरासारखं गोल आणि मूळ बारीक. जिथे सर्वांत रुंद भरेल ते माप घ्या. स्वतःच्या अंगावर पट्टी धरून वाचणं अवघड जातं, तेव्हा दोऱ्याची युक्ती वापरा. जाडसर दोरा स्तनाग्राभोवती न आवळता एक वेढा घेऊन खूण करा, दोरा सरळ करून मोजा आणि त्या आकड्याला 3.14 ने भागा. दोरा 50 मिमी भरला तर स्तनाग्र सुमारे 16 मिमी. या पद्धतीचा फायदा असा की दोरा मोजताना 3 मिमीची चूक झाली तरी उत्तरात जेमतेम 1 मिमीचा फरक पडतो. छापील गोल कापून मोजणार असाल तर आधी त्यातला एखादा गोल पट्टीने तपासा. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र लहान करतो आणि सगळी मापं चुकतात.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. उजवं 15 आणि डावं 18 हे अगदी नेहमीचं आहे, आणि दोन बाजूंना दोन मापांचे फ्लेंज लावण्यात काहीही गैर नाही.

पण पट्टी तुम्हाला फक्त दुकानापर्यंत नेते, खरा निर्णय पंप चालू असताना होतो. समजा माप 16 आलं. तर 17, त्याच्या खालचं एक आणि वरचं एक अशी तीन मापं लावून बघा. प्रत्येक वेळी पारदर्शक नळीतून नीट पाहा. स्तनाग्र नळीच्या मधोमध असावं, ओढीबरोबर पुढे आणि सोडल्यावर मागे असं सहज सरकावं, आणि काळसर भाग जवळजवळ आत जाऊ नये. बाजूंना हलका स्पर्श झाला तरी हरकत नाही, अडकता मात्र कामा नये. पंप काढल्यावर स्तनाग्र गोलच दिसावं, त्याचा रंग पालटलेला नसावा, छाती सगळीकडून मऊ लागावी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधात मुळातच फरक असतो, त्यामुळे सकाळी एक माप आणि संध्याकाळी दुसरं लावून मिलीची तुलना करू नका. तीन दिवस, तीच वेळ, तेवढीच मिनिटं. एका मापाने थोडं जास्त दूध आलं पण दुखलं, दुसऱ्याने थोडं कमी आलं पण आराम वाटला, तर मी न दुखणारंच घ्यायला सांगते. पान्हा ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे फुटतो आणि वेदना, धास्ती यांनी तो अडतो. आज दुखवून काढलेलं जास्तीचं दूध आठवडाभर टिकत नाही, कारण पंप समोर आला तरी अंग आक्रसू लागतं.

लहान पडला तर तेही कळतं. स्तनाग्र नळीत शिरताना घासतं, शिरलं की हलतच नाही, मुळाशी चिमटा बसल्यासारखी पांढरी रेघ उमटते, किंवा मुळाशी चीर पडते. दूध थेंब थेंब येतं आणि छातीचा एखादा भाग गाठीसारखा कडक राहतो. असं झालं तर एक माप वर जा. एकदम तीन नको.

ओढीबद्दलही सांगते, कारण माप बरोबर असूनही कित्येक जणी इथे चुकतात. पंपाचा सर्वांत वरचा आकडा गाठायची काही गरज नसते. चांगल्या विजेच्या पंपांची ओढ 250 मिमी पाऱ्याच्या (हे दाब मोजायचं एकक) आसपास जाते आणि इतकी फार कमी जणींना लागते. सुरुवातीला जलद, हलकी ओढ ठेवा, मिनिट-दोन मिनिटांत पान्हा फुटून धार लागली की संथ आणि खोल ओढीवर जा. मग एकेक पायरी चढवत जा, जरा नकोसं वाटलं की एक पायरी उतरा. तुमची जागा तीच. न दुखता जेवढी जास्त ओढ सोसेल तेवढीच कामाची. त्यापुढे वाढवून दूध वाढत नाही, दुखणं मात्र वाढतं. आणि नेहमीच्या आकड्यावर अचानक ओढ कमी लागायला लागली, तर फ्लेंज बदलण्याआधी पंपाचा व्हॉल्व्ह बघा. सिलिकॉनचा तो छोटासा तुकडा रोजच्या वापराने सैल पडतो, त्याची चीर नीट मिटत नाही. रोज अनेकदा पंप करणाऱ्यांनी तो दर एक-दोन महिन्यांनी बदलावा. दूध आटलं म्हणून घाबरून आलेल्या आयांच्या हातात नवा व्हॉल्व्ह देऊन मी त्यांना परत पाठवलेलं आहे.

कोरडं घासत असेल तर नळीच्या तोंडाशी लॅनोलिन (स्तनाग्राला लावायचं मलम) किंवा साध्या खाद्यतेलाचं एक बोट फिरवा. पण रोज तेलाशिवाय चालतच नसेल तर माप पुन्हा तपासा.

काही जणींचं स्तनाग्र फार लवचिक असतं. मोजलं तर 15, पण ओढ लागली की रबरासारखं ताणून नळीच्या शेवटच्या टोकाला जाऊन आपटतं. अशांना मोठं माप आणखी त्रास देतं. घट्ट माप, सिलिकॉनचा मऊ फ्लेंज आणि कमी ओढ यांनी बहुतेकींना फरक पडतो, तरी यात एका फटक्यात उत्तर मिळत नाही, दोन-तीन प्रकार लावून बघावेच लागतात.

बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस वेगळे धरा. सलाइन बरंच दिलं गेलं असेल तर काळसर भाग पाण्याने टम्म फुगतो, आणि तेव्हाचं माप खरं नसतं. त्या दिवसांत पंप लावण्याआधी स्तनाग्राच्या मुळाभोवती बोटांची टोकं ठेवून, छातीच्या दिशेने साधारण मिनिटभर हळू दाब द्या. सूज मागे सरते, स्तनाग्र पुढे येतं. चीक दाट आणि थोडा असतो, तो हाताने जास्त चांगला निघतो. गरोदरपणी माप घेऊन फ्लेंज आणून ठेवण्याची घाई मी करू देत नाही. बाळंतपणानंतरही पहिल्या काही आठवड्यांत माप बदलतं, म्हणून महिनाभराने आणि पुढे कधी दुखायला लागलं तर पुन्हा मोजा.

लहान माप हवं म्हणून नवा पंप घ्यायचं कारण नाही. 24 च्या नळीत बसणाऱ्या सिलिकॉनच्या आतल्या कड्या मिळतात, 13, 15, 17, 19, 21 अशा मापांच्या. वेगवेगळी मापं लावून पाहायला त्या उत्तम. फक्त कडी कडेशी सपाट बसली आहे ना ते बघा, उचललेली कड कातडीला चावते, आणि धुताना ती दर वेळी काढा, कारण तिच्या मागे दूध साठतं. ब्रामध्ये बसणाऱ्या पंपांत नळी आखूड असते आणि स्तनाग्र मधोमध आहे का हे धड दिसत नाही, त्यामुळे माप आधी साध्या पंपावर पक्कं करून मग तिकडे जा. नरसाळ्याचा कोन 90 अंशांचा की जास्त पसरट, हा प्रश्न मापाच्या नंतरचा. भरलेल्या छातीला पसरट तोंड कधी कधी जास्त सोयीचं पडतं, इतकंच.

सगळं जुळूनही दुखत राहिलं तर फ्लेंजचा नाद सोडून दुसरीकडे बघायला हवं. पंप काढल्यावर स्तनाग्र पांढरंफटक, मग निळसर, मग लाल होऊन ठणकत असेल, विशेषतः गारठ्यात, तर रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास असू शकतो. तेव्हा ऊब द्या आणि डॉक्टरांना सांगा. छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. चिरांमुळे दुधात थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, बाळाला त्याने सहसा अपाय होत नाही. पण चीर भरत नसेल किंवा चीर नसताना रक्त येत असेल, तर तपासून घ्या.

आता तुमच्या त्या 30 मिलीबद्दल. बाळ दिवसभर अंगावर पितंय, त्याची वाढ नीट होतेय, आणि तुम्ही दोन पाजण्यांच्या मधे पंप करताय, असं असेल तर एका बाजूचे 30 मिली कमी नाहीत. ते बाळाने पिऊन झाल्यावरचं शिल्लक दूध आहे. कमी म्हणायचं ते बाळाची एक वेळ पूर्ण चुकवून पंप केल्यावर तेवढंच आलं तर. तुम्ही कधी मोजलं ते लिहिलेलं नाही, म्हणून आधी ते लिहून ठेवायला लागा: बाळ किती वाजता प्यायलं, पंप किती वाजता केला, किती निघालं.

आणि माप लगेच आज घेऊ नका. ते सुजलेलं कडं आधी उतरू द्या. दोन दिवस 28 चा फ्लेंज बाजूला ठेवा, बाळाला पाजताना दुखत नाही तर भरपूर पाजा, छाती दाटली तर हाताने काढा. तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पाजण्याआधी, दोरा घ्या.